अकरावी पायरी

इंजिन वर काढायला सहा घरांतून सहा माणसं आली आणि प्रत्येकाने येताना आपली अक्कलही बरोबर आणली. एकाला दोरखंड हवा होता, दुसऱ्याला फळ्या. तिसरा म्हणाला, खालीच फोडू आणि तुकडे वर काढू, म्हणजे कुणाच्या कमरेत उसण भरायला नको. मिस्तरी कुणाशी वाद घालत बसला नाही. त्याने विहिरीच्या काठावर लोखंडी तिपाई उभी केली, तिला चेनपुली अडकवली, चौथ्या पायरीजवळच्या ओट्यावर उतरून इंजिनाला साखळी गुंडाळली आणि वर येऊन एकट्याने पुली ओढायला लागला. दर ओढीला इंजिन बोटभर वर येत होतं. सहा जण काठावरून "सांभाळ, सांभाळ" म्हणत होते. तेवढं काम त्यांना पुरेसं होतं.

चाळीस वर्षं ते इंजिन त्या ओट्यावर बसलेलं होतं. आधीची वीस वर्षं मिस्तरीच्या बापाने चालवलं, नंतरची वीस त्याने. आज आपल्याला रडू येणार असं मिस्तरीने गृहीत धरलं होतं आणि घरून निघताना खांद्यावर टॉवेलही टाकला होता. पण इंजिन काठावर आलं, बुडातून काळं तेल गळून मातीत जिरलं, आणि त्याला काहीच वाटलं नाही. टॉवेलने त्याने हात पुसले.

डिझेल मिळेनासं झालं होतं. मोठ्या रस्त्यावरचा पंप आधी आठवड्यातून दोनदा उघडायचा, मग एकदा, मग त्याच्या टाक्या उकरून नेल्या आणि त्या जागी गाड्यांना वीज भरायचे खांब उभे राहिले. त्यामुळे गावाच्या विहिरीवर सूर्याची मोटार येणार हे ठरलेलंच होतं. वाईट काहीच नव्हतं त्यात. धूर नाही, आवाज नाही, डबे घेऊन सहा मैल चालणं नाही. मिस्तरीने स्वतःच अर्जावर पहिली सही केली होती.

इंजिनामागून खालचा लोखंडी पाइप निघाला. त्याच्या टोकाला पाणी ओढायची जाळी होती, आणि ती आट्यांनी बसवलेली नव्हती. सायकलच्या ट्यूबचं रबर गुंडाळून पट्टीने आवळलेली होती. वीस वर्षं मिस्तरी ती पट्टीच बदलत आला होता. बापाच्या हातून आटे गेले असतील, एवढंच तो समजून होता. आता जाळी सुटली तेव्हा पाइपाचं टोक उघडं पडलं. करवतीने कापलेलं, जरा तिरकं. पाइपावर कारखान्याचा आकडा ठोकलेला होता आणि शेवटचा आठ मधोमध कापला गेला होता. मिस्तरीने तो अर्धा आठ पाहिला आणि पाइप बाजूला टाकला.

तेवढ्यात पाट्यांचा माणूस आला. त्याचं खरं नाव कुणी विचारलं नाही. तो उन्हावर वीज करणाऱ्या पाट्या बसवायला आला म्हणून पाट्यांचा माणूस. चांगला होता बिचारा, चहाला नाही म्हणायचा नाही. त्याने नवी मोटार दाखवली: मांडीएवढी जाड, चकचकीत, पाण्यात बुडून राहणारी.

"किती खाली सोडायची?" त्याने विचारलं. "विहीर तुम्हाला माहीत. पायऱ्या किती?"

"सतरा. खाली खडक," मिस्तरी म्हणाला.

"आधीचा पाइप कुठपर्यंत होता?"

"अकराव्यापर्यंत. इंजिन त्याच्याखालून ओढायचं नाही."

"ही ओढते," पाट्यांचा माणूस म्हणाला. "पण सगळीच खाली सोडावी असं नाही. पाणी अमुक पायरीखाली गेलं की आपोआप बंद होईल अशी तार लावता येते. तुम्ही सांगाल तिथं लावू."

सहाही जण मिस्तरीकडे बघायला लागले. त्यांत वकीलही होता. वकील म्हणजे विहिरीच्या उतरत्या बाजूचा शेतकरी. कोर्टाची पायरी तो कधी चढला नव्हता, पण प्रत्येक गोष्टीत त्याचा मुद्दा असायचा म्हणून गावाने त्याला ती पदवी दिली होती. तो हसून म्हणाला, "मिस्तरी म्हणणार अकराव्यावरच ठेवा. त्याचं इंजिन जेवढं प्यायचं तेवढंच हिनेही प्यावं."

सगळे हसले. मिस्तरीही हसला. आणि नव्या वस्तूचा आपण राग धरलेला नाही हे दिसावं, एवढ्यासाठीच त्याने खिशातून हात काढून विहिरीकडे केला.

"पूर्ण सोडा," तो म्हणाला. "सोळाव्यापर्यंत. तार पण तिथंच."

आणि मोटारीच्या दोराची गाठ त्यानेच मारली. विहिरीच्या गाठी दुसऱ्या कुणाला मारता येत नव्हत्या.

---

इंजिन अंगणात, गोठ्याच्या भिंतीला टेकून ताडपत्रीखाली गेलं. बायको कंबरेवर हात ठेवून बघत राहिली.

"हे इथं किती दिवस?"

"बघू."

"तुमचं बघू मला माहिती आहे. तो बांबू बदलतो म्हणून चार वर्षं बघताय."

बांबू म्हणजे वाळत घालायच्या तारेचा. तारेचं एक टोक होतं एका लोखंडी खांबाला. तो ती लग्न होऊन आली तेव्हापासून तिथं उभा होता. दुसरं टोक एका बांबूला, आणि तो बुडाशी कुजून वाकला होता. धुणं टाकलं की त्या बाजूची लुगडी मातीला लागायची आणि ती पुन्हा धुवावी लागायची.

मिस्तरीचे वडील दारातल्या खुर्चीत बसलेले असायचे. ऐकायला कमी येत होतं, डोळेही अधू झाले होते, पण इंजिनाचा आवाज त्यांना जमिनीतून पायाला कळायचा. आणि नुसता आवाज नाही. कुणाची पाळी आहे हेही. कारण प्रत्येक घराने आपला डबा भरून आणायचा, पाच लिटरचा, तो मिस्तरीने इंजिनात ओतायचा, आणि डबा संपला की इंजिन दोनदा खोकून बंद व्हायचं. मग पुढच्या घराचा डबा. कुणी घड्याळ बघितलं नाही की कुणी कुणाला उठ म्हटलं नाही. गावात पाणी मोजायचं माप तेच होतं. "टोमॅटोला दोन डबे लागतात," असंच लोक बोलायचे. प्रत्येक डब्याचा भरणा वेगळा, तळाशी साचलेला गाळ वेगळा, आणि खुर्चीत बसून म्हातारा सांगायचा: आज वकिलाची पाळी, आज वरच्या आळीतल्या काकूंची.

आता तो सकाळी विचारायचा, "आज कुणाची पाळी?"

"पाळी नाही, बाबा. दिवसभर चालते. सगळ्यांची."

म्हातारा पाय जमिनीवर सपाट ठेवून बसायचा. मग थोड्या वेळाने पुन्हा विचारायचा, "बंद आहे का?"

"चालू आहे."

"मग कळत का नाही?"

बायको पदराआड हसायची. पहिले काही दिवस मिस्तरीलाही हसू यायचं.

---

इंजिन गेलं तसं मिस्तरीचं काम गेलं. सहा घरं त्याला धान्य द्यायची ती इंजिन चालवण्याबद्दल. चालवायलाच काही नसल्यावर कशाबद्दल देणार? मोटारीच्या पेटीची किल्ली त्याच्याकडेच राहिली, पण सूर्य उगवला की ती आपोआप सुरू व्हायची आणि मावळला की बंद. सकाळी उठून तो सवयीने विहिरीवर जायचा, पेटी उघडायचा, आत बघायचा आणि बंद करायचा. त्याला कुणी विचारलं असतं काय बघतोस, तर सांगता आलं नसतं.

बायको मात्र बसून राहणारी नव्हती. घरामागे उतारावर त्यांचा एक तुकडा होता, दगडगोट्यांचा. डबे मोजून पाणी मिळायचं तेव्हा तो पडीकच ठेवावा लागे. "आता पाणी आहे," ती म्हणाली, आणि दुसऱ्या दिवसापासून तिने दगड वेचायला घेतले. महिनाभर ती आणि मिस्तरी उकिडवे बसून दगड काढत होते. तिची नखं मुळापर्यंत झिजली. दोन्ही तळव्यांना चिंध्या बांधून ती कुदळ मारायची, रात्री भाताचा घास चिमटीत धरता यायचा नाही म्हणून चमच्याने जेवायची. मग चर, मग शेणखत, मग टोमॅटोची रोपं. वीस ओळी. प्रत्येक रोपाला काठी, काठीला सुतळी.

"या वीस ओळी निघाल्या," ती कंबर धरून उभी राहत म्हणाली, "की मग इंजिनाला जाऊ दे भंगारात. मला त्याचं तोंड बघायचं नाही."

मिस्तरी म्हणाला, "बरं."

सहाही घरांनी तेच केलं. वकिलाने उतरतीवरचा गवताचा पट्टा नांगरला. काकूंनी कोबी केला, त्यात कांदा केला, बांधावर भोपळा सोडला. ज्याने कधी दुसरं पीक घेतलं नाही त्याने तिसऱ्याचं बी आणलं. चुकलं कुणाचं? पाणी येत होतं, सूर्य कुणाच्या बापाचा नव्हता, आणि बंद कधी करायचं हे सांगायला डबा नव्हता. पाइप एका वाफ्यातून दुसऱ्या वाफ्यात जात राहिला. गाव असं हिरवं कधी दिसलं नव्हतं. रस्त्याने जाणारे थांबून फोटो काढायचे.

विहिरीत पूर्वी सकाळी पाणी आठव्या पायरीला असायचं, संध्याकाळी अकराव्याला. रात्रीत पुन्हा चढायचं. आता सकाळी ते अकराव्याला, मग बाराव्याला दिसायला लागलं. मिस्तरीने ते पाहिलं. तो रोज पेटी उघडायला जात होता, त्याने नाही तर कुणी पाहायचं? उन्हाळा आहे, असं त्याने स्वतःला सांगितलं. चौदाव्याला आलं तेव्हाही तेच सांगितलं.

---

पिण्याचं पाणी बायका बादलीने काढायच्या. नळ नव्हते, दुसरी विहीर नव्हती. एका सकाळी बायको घागर घेऊन आली ती नेहमीपेक्षा तासभर उशिरा. खांदे धरलेले. घागर फडक्याने गाळून माठात ओतली, तर फडक्यावर बोटभर लाल गाळ.

"दोर पुरत नव्हता," ती म्हणाली. "काकूंचा जोडून घेतला. बादली खडकावर आपटते. ऐकू येतं."

तिने सासऱ्याला पेला भरून दिला. म्हाताऱ्याने घोट घेतला, तोंडात फिरवला आणि गिळला. दातांत खडे वाजले. पेल्याच्या तळाशी माती बसली होती. त्याने पेला डोळ्यांजवळ नेला आणि बराच वेळ बघितला.

"पाइप कुठपर्यंत सोडलाय?" त्याने विचारलं.

"सोळाव्यापर्यंत," मिस्तरी त्याच्या कानाशी वाकून म्हणाला.

"कुणी?"

मिस्तरीने माठावरचं फडकं उचलून झटकलं. म्हाताऱ्याने पुन्हा विचारलं नाही. पेला त्याने बाजूला ठेवला आणि तारेच्या लोखंडी खांबाकडे मान वळवली. अधू डोळ्यांनी तो सहसा कुठंच बघत नसे.

दुपारी मिस्तरी धुणं काढायला अंगणात गेला, कारण बायको टोमॅटोत होती. काढता काढता त्याचा हात खांबावर टेकला. एरवी हा खांब कशाचा आहे असा प्रश्न कुणाला पडतो? पण हाताखाली काहीतरी खरबरीत लागलं. त्याने अंगठ्याने गंज खरवडला. वरचं टोक करवतीने कापलेलं, जरा तिरकं. आणि कडेला अर्धा आठ.

तो गोठ्याशी गेला. ताडपत्री वर करून त्याने जुना पाइप ओढत अंगणात आणला आणि त्याचं टोक उचलून खांबाच्या टोकाला लावलं. दोन तिरके काप एकमेकांत बसले. आठ पुरा झाला. मिस्तरी खांद्यावर पाइपाचं ओझं घेऊन तसाच उभा राहिला.

पाइप ठेवून तो खुर्चीपाशी येऊन खाली बसला.

"बाबा, खालचा पाइप तुम्ही कापला होता?"

"काय?"

"पाइप! तुम्ही कापलात?"

"कापला."

"म्हणजे इंजिन ओढत होतं? अकराव्याखालून?"

"ओढत होतं की. पंधराव्यापर्यंत ओढायचं." म्हाताऱ्याने घसा साफ केला. "तू तेव्हा शहरात गॅरेजला होतास. दुसऱ्या वर्षी पण पाऊस नव्हता. डबा आणला की मी ओतायचो, नाही कसं म्हणणार? पाणी संपलं. तुझ्या आईला चार मैलांवरून आणावं लागलं, सगळ्याच बायकांना. तिच्या पोटात तेव्हा होतं एक. ते राहिलं नाही."

हे मिस्तरीला माहीत नव्हतं. आपल्यामागून कुणी येणार होतं, हे त्याला घरात कधी कुणी सांगितलं नव्हतं.

"मग पुढच्या पावसाआधी कापला," म्हातारा म्हणाला. "सांगितलं, इंजिन म्हातारं झालं, आता ओढत नाही. शिव्या घातल्या लोकांनी. मिस्तरी बिनकामाचा म्हणाले."

"पण खरं का नाही सांगितलंत? मला तरी?"

म्हाताऱ्याने त्याच्याकडे पाहिलं, म्हणजे जिकडून आवाज आला तिकडे पाहिलं.

"सांगितलं असतं तर जोडला असता," तो म्हणाला.

---

बाजाराच्या दिवशी गाव रिकामं झालं. बायको सुतळी आणायला गेली. टोमॅटोंनी फळ धरलं होतं, हिरवं, आवळ्याएवढं. काठ्या वाकायला लागल्या होत्या. निघताना तिने दोन ओळींमधून चक्कर मारली आणि एक पान उलटं करून कीड बघितली. "तीन आठवडे," ती म्हणाली. "तीन आठवडे पाणी मिळालं की झालं."

ती दिसेनाशी झाल्यावर मिस्तरीने तिपाई खांद्यावर घेतली.

हे करताना त्याला काय वाटत होतं, असं कुणी विचारलं तर उत्तर एकच: काही नाही. हात काम करत होते. पेटीची कळ खाली. पुली अडकव. साखळी ओढ. मोटार वर यायला लागली तसं पाइपाचं काळं वेटोळं पायाशी जमत गेलं, ओलं, गाळाने माखलेलं. मोटारीच्या जाळीत लाल माती भरली होती. त्याने ती काडीने उकरून काढली, बुडवून धुतली. मग पायऱ्या मोजल्या, दोनदा. पाइपावर खडूने खूण केली आणि करवत लावली.

मध्येच त्याने एकदा थांबून उताराकडे बघितलं. तिथून वीस ओळी दिसत होत्या. पाणी अकराव्या पायरीवर थांबलं तर आपलं धरून सात घरांत पाळी लावावी लागणार आणि आपल्या वाट्याला येईल त्यात आठ ओळी भिजतील, फार तर नऊ. हा हिशेब त्याने रात्री अंथरुणात पडून दहा वेळा केला होता आणि दहाही वेळा तो तेवढाच आला होता. त्याने पुन्हा करवत चालवली. प्लॅस्टिक लोखंडापेक्षा पुष्कळ लवकर कापलं जातं.

दोरही तेवढाच कापला. मोटार बंद करणारी तार अकराव्या पायरीवर आवळली. मोटार खाली सोडली आणि गाठ मारली. कापलेला तुकडा, दीड पुरुष लांबीचा, त्याने घरी नेऊन ताडपत्रीखाली इंजिनाच्या मागे सरकवला.

आता पाणी चढेपर्यंत मोटार कोरडीच लोंबकळणार होती. चार दिवस ती चालली नाही. पाचव्या दिवशी पाणी दहाव्या पायरीला आलं, मोटार तासभर चालली आणि पाणी अकराव्याखाली जाताच आपोआप बंद झाली.

---

त्याच्या आधीच, बाजाराच्याच दिवशी संध्याकाळी, सगळे विहिरीवर जमले होते. वकील सर्वांत पुढे.

"सकाळी निघालो तेव्हा चालत होती," तो म्हणाला. "आता काय झालं?"

"गाळ ओढत होती," मिस्तरी म्हणाला. "जळाली असती. वर घेतली."

"वर घेतली ती कुणाला विचारून?"

"विचारायला कुणी नव्हतं. बाजार होता."

"मग सोड खाली परत."

"पाइप खालून खराब झाला होता. कापला. आता एवढाच आहे."

वकिलाने सगळ्यांकडे बघत, सावकाश, एकेक शब्द तोलत मुद्दा मांडला. "माझं ऐका. याचं इंजिन गेलं. इंजिन गेलं तशी मिस्तरीगिरी गेली. आता बघा, मोटार बरोबर तिथंच येऊन थांबली जिथं इंजिन थांबायचं. याच्या पोटात दुखतंय, दुसरं काही नाही."

मिस्तरीने मान खाली घातली. पायाच्या अंगठ्याला पाइपाचा गाळ वाळून चिकटला होता, तो त्याने दुसऱ्या पायाने काढला. बोलण्यासारखं त्याच्याकडे एकच वाक्य होतं आणि ते बोलायचं नव्हतं.

गर्दीतून त्याची बायको पुढे आली. हातात सुतळीचा गुंडा होता.

"पोटात दुखतंय?" ती म्हणाली. "अहो वकीलभाऊ, बोलायच्या आधी वर जाऊन बघा. वीस ओळी आहेत माझ्या. दगड वेचून हाताची सालं गेलीत. घरात दुसरा दाणा येणार नाही यंदा. स्वतःच्या टोमॅटोच्या मुळावर कुणी उठेल का? एवढं तरी बघून बोला!"

वकील वर उताराकडे बघायला लागला. लोकांनी एकमेकांकडे पाहिलं. खरंच होतं, असं कोण करेल? काकू म्हणाल्या, "जाऊ दे, मिस्तरी इतकी वर्षं बघतोय विहीर." पाट्यांच्या माणसाला फोन लावला. त्याने सांगितलं, हा पाइप साध्या सांध्याने धरत नाही, वितळवून जोडायचं यंत्र लागतं, ते दुसऱ्या भागात गेलंय. पावसाआधी येणं जमणार नाही. तोवर पाळी लावायची ठरली, घराला एकेक तास. वकिलाने मिस्तरीकडून पेटीची किल्ली मागून घेतली. त्याने दिली. खिसा हलका झाला, तेवढंच.

घरी जाताना बायको पुढे चालत होती. मागे न बघता म्हणाली, "तुम्ही तोंड का उघडत नाही हो? मी नसते तर खाल्लं असतं त्यांनी तुम्हाला."

मिस्तरीला वाटलं, आत्ता सांगावं. त्याने तोंड उघडलंही. पण ती पायवाट सोडून टोमॅटोकडे वळली होती.

---

वरच्या अकरा ओळी दहा दिवसांत गेल्या. आधी पानं दुपारी मान टाकायची आणि संध्याकाळी सावरायची. मग सावरेनाशी झाली. फळं तेवढीच राहिली, आवळ्याएवढी, आणि बुडाशी काळी पडली. एका सकाळी ती वर गेली आणि तिने एकेक रोप उपटून बांधावर टाकलं. काठ्या काढून मोळी बांधली, सुतळी सोडवून पुन्हा गुंडाळली. मिस्तरी मदतीला गेला तर म्हणाली, "राहू दे. मी करते." तो बांधावर बसून राहिला.

विहिरीत त्या वेळी तळातलं पाणी निवळलं होतं. बादली आता खडकावर आपटत नव्हती. म्हाताऱ्याच्या पेल्यात माती बसत नव्हती, आणि तो एका दमात पेला संपवत होता. पाऊस अजून सव्वा महिना लांब होता.

दुसऱ्या दिवशी बायकोने धुणं धुतलं. आणि खालच्या नऊ ओळींना हाताने घालायला पाणी आणावं म्हणून ती जुना डिझेलचा डबा शोधायला गोठ्याशी गेली. मिस्तरी दारात बसून खुरप्याला धार लावत होता. तिने ताडपत्री वर केली तेव्हा त्याच्या लक्षात आलं. धार लावायचा हात थांबला.

ती वाकलेली होती. बराच वेळ वाकलेलीच राहिली. मग तिने काळा पाइप बाहेर ओढला आणि उभा धरला. एक टोक मोटारीतून सुटलेलं, घासलेलं. दुसरं करवतीने कापलेलं, स्वच्छ, खडूची खूण अजून त्यावर. खराब असं त्यावर कुठंच काही नव्हतं. पाइप लांबीभर धड होता. तिने कापलेल्या टोकावरून अंगठा फिरवला. मग वर उताराकडे पाहिलं, जिथं बांधावर रोपं वाळत पडली होती, आणि मग माठाकडे, आणि शेवटी नवऱ्याकडे.

मिस्तरी खुरपं ठेवून उभा राहिला. आता ती ओरडेल, सगळ्या आळीला ऐकू जाईल आणि वकील धावत येईल, असं त्याला वाटलं. ओरडली असती तर त्याला बरंच वाटलं असतं. इतक्या दिवसांत पहिल्यांदा त्याच्या छातीत काहीतरी हललं आणि दुखलं.

ती ओरडली नाही. तिने पाइप खांद्यावर घेतला, तारेपाशी गेली आणि कुजका बांबू दोन हातांनी हलवून मोडला. बुडाचा खुंट जमिनीत होता. पाइपाचं टोक तिने त्या खुंटावर चढवलं, दगडाने ठोकून घट्ट बसवलं, बुडाशी माती दाबली. वर तार गुंडाळली. तार ताठ झाली. एका टोकाला लोखंडाचा तुकडा, दुसऱ्या टोकाला काळा. मग बादलीतलं एकेक कापड पिळून ती वाळत घालायला लागली. लुगडी जमिनीपासून हातभर वर राहिली.

"कुणाला दिसलं तर विचारतील," मिस्तरी हळूच म्हणाला.

"विचारू देत," ती म्हणाली. "खराब पाइप आहे म्हणून सांगेन."

खुर्चीतून म्हाताऱ्याने विचारलं, "आज कुणाची पाळी?"

तिने ओले हात पदराला पुसले आणि त्याच्या कानाशी जाऊन वाकली.

"आपली, मामंजी," ती म्हणाली. आणि डबा उचलून नऊ ओळींकडे निघाली.